कवडसा कुठवर आला?

"अगं, कवडसा कुठवर आला?"

सकाळी खिडकीखालून असा आवाज आला की मी पुस्तक उलटं ठेवून बाहेर डोकवायचे. काका मातीत उकिडवे बसलेले असायचे आणि उजव्या हाताचा तळवा पुढे धरलेला असायचा, तीर्थ घेताना धरतो ना, तसा. मी म्हणायचे, "टाकीच्या नळापर्यंत आलाय." मग ते "हां, चाललाय बरोबर" म्हणून पुन्हा मातीत हात घालायचे.

मला कोणाविषयी असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. त्यामुळे लिहायचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी कागदाकडे. पण तुम्ही कधी तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला फिरला असाल, तर असं कोणीतरी तुम्हीही पाहिलं असेल.

आमची इमारत डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला. तिच्या आणि कंपाउंडच्या भिंतीच्या मधे मातीची एक अरुंद पट्टी आहे. एका अंगाला जुनं जांभळाचं झाड, दुसऱ्या अंगाला नवा टॉवर. ऊन येतं ते जांभळाच्या पानांतून गाळून, तुकड्यातुकड्यांनी, आणि थोडा वेळ सरकत सरकत निघून जातं. तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. समोरच्या खोलीत काका एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगा ठाण्याला.

ते आयुष्यभर एका कापडाच्या कंपनीत रंगखात्यात होते. नखांच्या कडांना निळसर रेघ शेवटपर्यंत होती. म्हणायचे, "इतकी वर्षं पक्के रंग केले. धुतले तरी जायचे नाहीत. आता जरा कच्चे करून बघतो."

कच्चे रंग म्हणजे फुलं. सगळी बियांपासून लावलेली. रोपं विकत आणणं त्यांना शिजवलेलं जेवण मागवण्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी झेंडू आणि झिनिया लावलेले. उन्हाच्या शोधात रोपांच्या माना लांबच लांब झाल्या आणि कळ्या न येताच ती आडवी पडली. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. ते बाइक काढताना थांबून म्हणाले, "काका, इथे फक्त डास उगवतात. पेव्हर ब्लॉक टाकू, पोरांच्या बाइकी तरी लागतील."

"एक पावसाळा द्या."

"देतो. गौरी येतील त्या दिवशी सगळे घरी असतात. संध्याकाळी कमिटी घेऊन येतो. फुलं दिसली तर जागा तुमची, नाहीतर ब्लॉक."

काका वरवर हसले. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला, हे मी पाहिलं. ती पट्टी गेली असती तर त्यांना सकाळी दार उघडायला कारण उरलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी ओळी आखल्या नाहीत. तेरडा, कोंबडा, सदाफुली, सगळ्यांचं बी एका परातीत घेतलं, त्यात बारीक रेती कालवली आणि मुठीने फेकलं. "ज्याला सावली मानवेल तो राहील. आपण कोणाला बळजबरी करायची नाही."

गुलबक्षीचं बी मोठं, म्हणून ते भिंतीकडेला वेगळं टोचलेलं; ते काही केल्या उगवेना. काका रोज माती चाचपायचे. शेवटी मी तिथला एक काळा दाणा उकरून काढला. गुलबक्षीचं बी आणि मिरी दिसायला सारखीच, पण हा दाणा मी दाताखाली धरून पाहिला आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं.

"काका, ही मिरी आहे."

काकांनी दाणा बोटांत फिरवला. मग इतके हसले की खोकला आला. "म्हणजे कालच्या रस्समात काय घातलं मी?"

"घातलं?" मी घाबरले.

"नाही गं, घाबरू नको. खिचडीच केलेली."

मी हसले, पण तेव्हा मला समजलं, कवडसा रोज मला का विचारतात ते. तळव्याला ऊब लागत होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं नाही. त्यांनीही नाही.

श्रावणात तेरडा फुलला. सावलीत, जांभळाखाली, दाटीने. बाकीच्यांनी मान टाकलेली, पण हा गडी अंगभर फुलं घेऊन उभा.

"कुठला रंग आहे?"

"गुलाबी."

"गुलाबी हे आडनाव झालं. नाव सांग."

मग मी वाकून नीट बघायचे. हा राणी, हा डाळिंबी, हा कांद्याच्या सालीसारखा. एकेक नाव ऐकताना ते डोळे मिटून घ्यायचे.

गौरी यायच्या दिवशी सकाळीच सेक्रेटरींची आई परात घेऊन खाली आली. बाजारातला तेरडा सुकलेला निघालेला. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्या गौरी मुखवट्याच्या. कोकणातल्या बऱ्याच घरांत तेरडा मुळासकट उपटून, त्यालाच साडी नेसवून गौर करतात, हे मला तेव्हा कळलं. काकांनी स्वतःच्या हाताने रोपं उपटून दिली. मग पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. मग शेजारच्या इमारतीतल्याही.

मला राहवेना. "काका, संध्याकाळी कमिटी येणार आहे. आज देऊ नका ना."

"अगं, माहेरवाशीण दारात आलीय. तिला काय सांगू, थांब बाई, कमिटी यायचीय?"

दुपारपर्यंत पट्टीत नुसता चिखल उरला.

संध्याकाळी सेक्रेटरी दोघांना घेऊन आले. एकाच्या हातात मोजायची टेप. "काका, फुलं कुठायत?"

"वर आहेत."

"वर कुठे?"

"दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या घरात. साडी नेसून बसलीयेत."

सेक्रेटरींनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. आतून आरतीच्या टाळांचा आवाज येत होता. टेपवाल्याने टेप थोडी बाहेर काढलेली, ती आपोआप सर्रकन आत गेली. "आई बोलली नाही मला," ते म्हणाले. मग टेपवाल्याला टेप ठेवायची खूण करत, "प्रसादाला या वर."

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. काका म्हणाले, "बरोबरच आहे. गौर तरी कुठे चौथ्या दिवशी थांबते?"

दिवाळीनंतर मुलगा त्यांना ठाण्याला घेऊन गेला. फोनवर म्हणायचे, "इथे फार उंचावर घर आहे, ऊन अख्खं येतं गं, थेट अंगावर. कवडसा पडतच नाही." मग मी त्यांना आमचा सांगायचे, नळाशी आलाय, भिंतीवर चढलाय. चैत्रात ते गेले.

या पावसाळ्यात कोणी काही पेरलं नाही. उपटताना तडकलेल्या बोंडांतलं बी मातीतच होतं. जांभळाखाली तेरडा पुन्हा दाटीने आला.

परवा मी खिडकीत अभ्यास करत होते. खाली कोणीतरी बाइक बंद केली.

"अगं," सेक्रेटरी हेल्मेट काढत म्हणाले, "कवडसा कुठवर आला?"

मी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा उघडा ठेवून.