तिसऱ्या चहाचा खटला

देशाची राज्यघटना दिल्लीत कशी चालते ते मला ठाऊक नाही. केनवडात आमच्या शेजारच्या गुरुजींच्या दोन खोल्यांत मात्र ती कलमाबरहुकूम चालत होती. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवून हा माणूस निवृत्त झाला, पण विषय काही निवृत्त झाला नाही. सगळी सत्ता एका हाती आली की माणूस बिघडतो, यावर त्यांची एवढी श्रद्धा, की लग्न होताच त्यांनी घरातल्या सत्तेची वाटणी करून टाकली. कायदे करायचे गुरुजींनी, खाटेवर बसून. अंमलबजावणी मास्तरीणबाईंकडे. आणि दोघांची जुंपली की न्यायाला शेजारी. पुढे तो मान माझ्याकडे आला, कारण मी त्यांच्याच शाळेतला धाकटा मास्तर. भाजीत तिखट कमी असावं, असा कायदा गुरुजींनी एकदा केला. बाई कडाडल्या, "कायदे खाटेवर करता, चुलीपाशी येऊन पाहा ना!" मी बाईंच्या बाजूने निकाल दिला आणि गुरुजी नाक पुसत तीच भाजी मुकाट्याने जेवले. न्यायमंडळाचा अवमान त्यांनी कधी केला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि बाई तापाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ एकाच माणसात आलं, आणि गुरुजी हादरले. दिवसाला दोनच चहा, हा घरातला जुना कायदा. एका संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर अपराध्यासारखे येऊन उभे राहिले. "मास्तर, तिसरा चा पेलो. कायदा म्याच केला, मोडलाबी म्याच. आता निकालबी म्याच देऊ काय? मंग हुकूमशाही कशाले म्हंतेत?"

मी गंभीर चेहऱ्याने शिक्षा सुनावली: आमच्याकडे जेवून जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुन्हा, पुन्हा तीच शिक्षा. पुढे रोज दिवेलागणीला खटला उभा राहू लागला. माझी बायको म्हणायची, "अवो, त्यायले चा नाही लागत, खटला लागते." शिक्षा भोगून झाली तरी गुरुजी उठत नसत. घरी जाऊन कुलूप काढायचं त्यांच्या अगदी जिवावर येई.

मग माझी बदली आसेगावला झाली. ते कळल्यापासून गुरुजी आलेच नाहीत. आम्ही निघालो त्या दिवशी मात्र स्टँडवर आले.

"गुरुजी, तिकडं येत जा जेवाले," बायको म्हणाली. "चा पेला का बसा एसटीत."

"नाही जमत, सूनबाई. घटनेनं ज्याची त्याची हद्द ठरोली हाये. तिथल्या कोर्टाले इथला खटला चालोता येत नाही." मग म्हणाले, "अन् म्या काल घरातले सगळेच कायदे रद्द केले."

"काहून?" मी विचारलं.

"मोडले तं सांगाव कोणाले?"

पुढे केनवडच्या शाळेचा शिपाई भेटला, तेव्हा मी गुरुजींची चौकशी केली. "बरे हायेत," तो म्हणाला. "चा मातर सोडला त्यायनं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रोज कुणीतरी आपल्याला 'गुरुजी, चुकलात' म्हणावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि ते म्हणणारं केनवडात आता कुणी उरलं नव्हतं.