पाठीला पाठ लावून

आमच्या गावाबाहेर फटाक्यांची शेडं आहेत. आई आणि काकू, दोघी सख्ख्या जावा, तिथं फटाक्यांना वाती लावायच्या. एका शेडात दोघीच, पाठीला पाठ लावून. हातातल्या कामावरून नजर हलवायची नाही, त्यामुळे मागं वळून बघायची सोय नव्हती. मग थोड्या थोड्या वेळानं आई विचारायची, "हाय का गं?" मागून काकू म्हणायची, "हाय." घरी दोघी आमटीतल्या मिठावरून भांडायच्या. शेडात मात्र ही हाक आणि ओ कधी चुकली नाही.

त्या दिवशी पाणी आणायची पाळी काकूची होती. आईचे पाय अवघडले होते, म्हणून काकूऐवजी तीच कळशी घेऊन उठली. ती हौदापाशी पोचली आणि मागं शेड उडालं. काकू गेली.

आईच्या अंगावर ओरखडाही नव्हता. भेटायला येणारा प्रत्येकजण 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणायचा, तेव्हा त्याच्या हातातला चहा काढून घ्यावासा वाटायचा मला. मग काकूला काय देवानं मारलं?

कुकरची शिट्टी झाली की आई उंबऱ्याबाहेर पळायची. मी रजा काढून घरी राहिले होते. शिट्टी कपाटात टाकली, भात पातेल्यात शिजवू लागले. दारांच्या कड्या वाजू नयेत म्हणून त्यांना चिंध्या बांधल्या. दिवाळीआधी घरोघर जाऊन हात जोडले. गावाचं पोट फटाक्यांवर, पण आमच्या गल्लीनं एक लवंगी लावली नाही. मला केवढा अभिमान वाटला! शाळेत शिकवणारी ना मी, शहाणी!

लक्ष्मीपूजनाच्या पणत्या लावून आत आले, तर आई कोपऱ्यात कानांवर हात दाबून बसली होती.

"आई, कुणीच काय वाजवत न्हाय. कान कशाला झाकलेस?"

"तवा बी असंच गप झालं व्हतं," ती म्हणाली. "धडाका म्या ऐकलाच न्हाय बघ. कान बंद पडले. सुटले तवा समदं गप. म्या हाक मारली, हाय का गं? लई येळा मारली. ओ आली न्हाय."

मला रडू कोसळलं. आवाजानं ती दचकायची, पण घटकाभरानं सावरायची. जिथून तिला परत येता येत नव्हतं, त्याच शांततेत मी तिला माझ्या हातानं कोंडलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुकरला शिट्टी लावली. आई पळालीच, पण भात उतरायच्या आत घरात आली. चिंध्याही सोडल्या.

आता मी नोकरीसाठी कळंबला राहते. रोज दुपारी आईचा फोन येतो.

"हाय का गं?"

"हाय," मी म्हणते.

तरी ती फोन ठेवत नाही. माझ्या मागून अजून एक ओ येईल म्हणून थांबते. मीही ठेवत नाही.