परसावरून गेलेली तार

सप्तापुरात आमच्या खालच्या मजल्यावर सुधींद्र कित्तूरकर आणि त्यांची आई अंबूताई भाड्याने राहत. परस दोन्ही घरांचं समाईक. सुधींद्र गोकुळ रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सकाळी पावणेआठला हुबळीची बस धरायची आणि संध्याकाळी सातच्या आत परत यायचं, अशी बावीस वर्षं गेली होती. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." 

त्यांना एकच नाद होता, बुद्धिबळाचा. नव्वदच्या दशकापासून ते बेळगावच्या अप्पाजी जमखंडीकरांशी पोस्टकार्डावर खेळत. एका कार्डावर एक खेळी, त्यामुळे एक डाव दीड वर्षसुद्धा चाले. पोस्टमन कार्ड वाचूनच देई, "साहेब, ह्या वेळी घोडा आलाय बघा." अकरा वर्षांत सात डाव झाले, त्यातले पाच अप्पाजींनी जिंकले.

दोन हजार सात साली अप्पाजी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी इंटरनेटवरच्या एका हौशी लीगमध्ये चौघांचा संघ उतरवला आणि चौथा खेळाडू म्हणून सुधींद्रना घेतलं. बँकेतला एक तरुण त्याच जागेसाठी तयार होता, आणि तो जास्त चांगला खेळतो हे सुधींद्रनाही ठाऊक होतं. तरी अप्पाजींनी निवडलं ते ह्यांना.

सामने एक रविवार सोडून, सकाळी नऊ ते दहा. पाच-पाच मिनिटांचे झटपट डाव. नियम सरळ होता. खेळता खेळता इंटरनेट गेलं आणि दोन मिनिटांत आलं नाही, की डाव हरला. असं तीन रविवारी झालं की खेळाडू संघाबाहेर.

सुधींद्रनी त्यासाठी चैत्रात टेलिफोन खात्याकडून ब्रॉडबँड घेतलं. जुनी तार गंजली होती म्हणून खात्याच्या माणसाने रस्त्यावरच्या खांबापासून परसावरून थेट त्यांच्या खोलीपर्यंत नवी तार ओढून दिली. सुधींद्र तेव्हा कारखान्यात होते. लीग सुरू झाली आषाढात, आणि पहिल्या दोन्ही रविवारी ते दार लावून खेळत असताना सव्वानऊच्या सुमाराला लाइन गेली. दोन्ही वेळा ते डाव जिंकत आले होते.

अप्पाजींचा फोन आला. "अरे, पोस्ट बरं होतं की. कार्ड हरवलं तर दुसरं टाकता येत होतं."

"तिसऱ्यांदा नाही होणार, अप्पाजी."

"झालं तर त्या बँकवाल्याला बोलवावं लागेल. मी नाही रे म्हणणार, नियम म्हणेल."

कारखान्यातल्या संजीवने हे ऐकून आपलं डेटा कार्ड दोन आठवड्यांसाठी दिलं. पेनाएवढी वस्तू, कॉम्प्युटरला खोचायची, तारबीर काही नाही. "तार म्हणजे आजोबांच्या काळातलं काम झालं," संजीव म्हणाला. "मी कलघटगीला शेतात बसून मेल बघितलाय."

सुधींद्र ऐकीव गोष्टीवर निर्णय घेणारे नव्हेत. दिवसभर मिनिटामिनिटाला कोणती जोडणी चालू आहे आणि किती वेळ लावते, ह्याची नोंद आपोआप होईल अशी सोय त्यांनी कॉम्प्युटरवर केली. संध्याकाळी आले की नोंदी ग्राफपेपरवर चढवायच्या, तारेची रेघ निळी, बिनतारीची तांबडी. अंबूताई चहा घेऊन आल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या.

"हे कुणाच्या छातीचं काढलंस रे?"

"इंटरनेटचं आहे, आई."

"मग ह्या तांबड्याला आधी डॉक्टरकडे ने."

तांबडी रेघ खरोखरच तशी होती. बिनतारी जोडणी कधी पूर्ण बंद पडत नव्हती, पण एखादी खेळी लगेच जाई आणि एखादीला तीन सेकंद लागत. चाळीस खेळ्यांच्या डावात मिनिटभर नुसतं हवेत जायचं, आणि तेही रस्त्याकडच्या खिडकीत स्टुलावर कॉम्प्युटर ठेवला तर. निळी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. फक्त रोज सकाळी नऊनंतर तुटायची आणि साडेदहा-पावणेअकराला पुन्हा जुळायची. पहिल्या आठवड्यातले गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस मात्र ती तुटली नव्हती. सुधींद्रनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, "कारण?" आणि पुढची जागा रिकामी ठेवली.

तीन सेकंद उशीर झाला तर फार तर हरू, पण संघात राहू. तार गेली तर संघच जाईल. ह्या हिशेबाने त्यांनी बिनतारी निवडली. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रजा काढली आणि तार काढून न्यायला खात्यातल्या महादेवला बोलावलं. महादेव अळणावरकडचा, घरी थोडी शेती, चैत्रात तार ओढून गेला होता तोच.

तो सव्वानऊला शिडी घेऊन परसात आला. मी वर गॅलरीत कपडे पिळत होते. महादेव शिडी लावणार एवढ्यात स्वयंपाकघरातून अंबूताईंचा आवाज आला. "हात लावू नका हं. सोवळ्यातलं आहे ते."

तारेवर त्यांचं नऊवारी वाळत होतं. आदल्या दिवशी नेसलेलं लुगडं सकाळी धुवून, काठीने उंच चढवून, कोणाचा स्पर्श होणार नाही असं वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला तेच नेसायचं, हा त्यांचा नेम. मी ते तीन महिने रोज बघत होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

महादेवने शिडी भिंतीला टेकवली. "साहेब, लाइन किती वाजता जाते म्हणालात?"

"नऊनंतर."

"आणि येते?"

"साडेदहा, पावणेअकरा."

महादेव वर बघत राहिला. सुती लुगडं, नऊ वार, ओलं. तार मधोमध पोट सुटल्यासारखी खाली आली होती आणि तार जिथे घरात जाते ती भिंतीवरची जोडणीची डबी तिच्या ओढीने वाकली होती. "बसू या री साहेब," तो कानडी अदबीचा 'री' लावून म्हणाला. "हे वाळेपर्यंत बसू या."

दोघं पायरीवर बसले, दोनदा चहा झाला. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी आत कॉम्प्युटरवर लाइन आली.

सुधींद्र ग्राफपेपर घेऊन बाहेर आले. "आई, तू कलघटगीला मुंजीला गेली होतीस, ते कोणते वार?"

"गुरुवारी पहाटे गेले, शनिवारी रात्री आले. का रे?"

त्यांनी तारेकडे बोट दाखवलं आणि काय होत होतं ते सांगितलं. अंबूताई हातातली काठी धरून ऐकत होत्या.

"म्हणजे ही तार तुझ्या खेळाची?"

"हो."

"मला वाटलं तू माझ्यासाठी बांधून घेतलीस. पाडव्याला म्हणाले होते तुला, पडवीतल्या दांडीला ऊन लागत नाही म्हणून. तू काही बोलला नाहीस, आणि आठ दिवसांत तार आली." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मी तर सगळ्यांना सांगितलं, न सांगता करून दिलं म्हणून."

मलाही सांगितलं होतं. सुधींद्र खाली बघत होते. दांडीचं ते पूर्ण विसरले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"महादेव," ते म्हणाले, "दुसरी तार आहे का? जाड?"

"कशाला री? काढायची होती ना ही?"

"ही राहू दे. डबी घट्ट कर. दुसरी त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत बांधायची, हिच्यापासून दूर, हातभर उंच."

"अक्कांचा हात पोचायला हवा."

"काठी मोठी आणतो."

दुपारपर्यंत दोन्ही तारा झाल्या. अंबूताईंनी महादेवला जेवायला बसवलं. मग नव्या तारेवर तांब्याने पाणी उडवून घेतलं आणि म्हणाल्या, "ही माझी ना नक्की? उद्या परत कुणाचा हत्ती अडकायचा."

"तुझीच," सुधींद्र म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊला लुगडं नव्या तारेवर चढलं. सुधींद्र खोलीत बसले, ह्या वेळी दार उघडं ठेवून. लाइन एकदाही गेली नाही. चारपैकी दोन डाव ते हरले. शेवटचा तर वाईटच हरले, वजीर फुकट दिला.

अप्पाजींचा फोन आला. "वजिराचं काय रे झालं? लाइन गेली होती काय?"

"नाही. मीच चुकलो."

"बरं," अप्पाजी म्हणाले. "मग पंधरा दिवसांनी ये."

सोमवारी सुधींद्रनी डेटा कार्ड कागदात गुंडाळून संजीवला परत नेऊन दिलं. ग्राफपेपर मात्र ठेवला. कडेला "कारण?" लिहिलं होतं, त्यापुढे आता शाईने एकच शब्द होता, "दांडी".