मनगटाएवढी मेणबत्ती

स्तामेनाने यंदा सणाची मेणबत्ती मनगटाएवढी जाड ओतून घेतली, तेव्हाच गावातल्या बायकांनी ओळखलं की कप्तान घरी येणार.

कप्तान म्हणजे तिचा नवरा त्रिफुन. तुर्कांच्या मुलखात टोळी घेऊन लढलेला, मग बेलग्रेडमध्ये पिस्तुलावर हात ठेवून कटाची शपथ घेतलेला. एका वर्षी तो एका मेजरच्या घरी सणाचं जेवून आला आणि दुसऱ्या दिवशी मेजर नदीत सापडला. तेव्हापासून तिने काही विचारायचंच सोडलं. आता शपथेचे भाऊबंद त्याच्यावरच उलटले होते. करावे तसे भरावे, हे तिला कळत होतं. तरी नवरा हवाच होता.

कुळाच्या सणाला, संत निकोलाच्या दिवशी, आमंत्रण कोणाला नसतं आणि दार कोणाला बंद नसतं. मेणबत्ती जळते तोवर यजमानाने बसायचं नाही, घर सोडायचं नाही, आणि त्या उजेडात कोणी कोणावर हात उगारायचा नाही. त्रिफुन पहाटे एकटाच पोचला होता; त्याची माणसं खिंडीपलीकडून निघाली होती. ती पोचेपर्यंत मेणबत्ती पुरली म्हणजे झालं.

दुपारी वेलिमिर आला, सोबत दोन अनोळखी माणसं. वेलिमिर त्यांचा कूम, लग्नात साक्षीदार म्हणून त्यांच्या डोक्यावर मुकुट धरलेला, सख्ख्या भावाहून जवळचा, आणि कटाच्या शपथेतलाही. तिघांपैकी कोट कोणीच काढला नाही.

"काय गं वहिनी, एवढी जाड मेणबत्ती? देवळाचा खांब करायचाय की काय?"

"बर्फाचे दिवस, भाऊजी. पाहुणे उशिरा येतात."

"खिंडीतून ना? ती सकाळीच अडवली आम्ही. उगाच वाट बघू नकोस."

तिने घेवड्याचं भांडं खाली ठेवलं आणि त्रिफुनला चुलीपाशी गाठलं. "अहो, मागच्या दाराने निघा. निकोलाचा कोप होऊ दे माझ्यावर!"

"पाहुणे सोडून पळू? मेजरकडे मी असाच बसलो होतो, स्तामेना. वेलिमिर बाहेर घोडे धरून होता. मेणबत्ती विझेपर्यंत थांबायचं, हे मीच शिकवलं त्याला."

"मग विझवूच नका. उद्यापर्यंत जळेल ती."

तो घेवड्याचं भांडं उचलून पाहुण्यांकडे गेला. रात्रभर बर्फ तुडवून आलेला माणूस दिवसभर उभ्याने वाढत होता. दिवेलागणीला जेवायला आलेले गावकरी गेले. त्याचे पाय सुजले, डोळे उभ्याउभ्या मिटू लागले. वेलिमिर माशाचे काटे काढत म्हणाला, "सावकाश, कूम. आम्हाला घाई नाही." स्तामेनाला ती मेणबत्ती आता बघवेना.

शेवटी त्रिफुन म्हणाला, "वाईन आण गं." तिने आणली. त्याने वाईनचे थेंब सोडून ज्योत विझवली, स्वतःहून टोपी घातली आणि तो तिघांबरोबर बाहेर पडला. मेणबत्ती अर्ध्याहून जास्त उरली होती.

त्रिफुन परत आला नाही; पुढच्या वर्षी तिने तीच मेणबत्ती लावली. वेलिमिर आला. कूमच्या सणाला न जाणं म्हणजे चारचौघांत गुन्हा कबूल करणं. स्तामेनाने उभ्याने त्याला वाढलं.

मग खिंडीपलीकडचे त्रिफुनचे चौघे आले आणि वेलिमिरच्या दोन्ही बाजूंना बसले. कोट कोणीच काढला नाही.

"बसा, जेवा," ती म्हणाली. "अजून पुष्कळ उरलीय."