हंडो नावाचा ग्रह

२००७ च्या पावसाळ्यात मालवणला लाकडी होड्या रंगवणारे मोजकेच उरले होते. वडील त्यांतले एक. फायबरच्या होड्या साच्यातूनच रंग घेऊन येत, त्यांना रंगाऱ्याची गरज नव्हती. त्या वर्षी घरामागच्या मांगरात, आमच्या कामाच्या शेडमध्ये, एकच होडी होती. तिचा मालक नारळी पौर्णिमेची वाट पाहत होता आणि वडील पुढच्या कामाची. मी तेव्हा एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि घरीच राहत होतो.

वडिलांच्या काळ्या रंगाला किनाऱ्यावर नाव होते. ते रंगाचे तीन हात देत, प्रत्येक हात वाळला की घासत आणि शेवटी वाकून पाहत. फळीत स्वतःच्या मिशा दिसल्या की काम संपले. दिसल्या नाहीत तर चौथा हात. दुसरी कसोटी नव्हती.

जुलैतल्या एका सोमवारी हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई आल्या. मूर्तिकाराकडून वळून घेतलेला, फुटबॉलएवढा शाडूचा गोळा त्यांच्या पिशवीत होता. शनिवारी शाळेत प्रदर्शन होते.

“हा ग्रह आहे,” बाई म्हणाल्या. “फार लांबच्या एका ताऱ्याभोवती फिरतो. त्याच्यावर पडलेला उजेड जवळजवळ परत येतच नाही. कोळशाहून काळा असावा, असा अंदाज आहे. काळा रंग कोणाचा चांगला म्हणून बंदरावर विचारलं, तर सगळ्यांनी तुमचंच घर दाखवलं.”

वडिलांनी गोळा हातात फिरवून पाहिला. त्या महिन्यात रंगासाठी कोणी दारात येण्याची ही पहिलीच वेळ होती.

“नाव काय ह्येचा?”

“नाव नाही. नुसता क्रमांक आहे.”

“बिननावाचा काम मी मांगरातसून भायर सोडनय नाय, बाई.”

हे खरे होते. होडीवर पांढऱ्या अक्षरांत नाव घातल्याशिवाय ते ती मालकाच्या ताब्यात देत नसत.

“मग तुम्हीच ठेवा,” बाई हसल्या. “शास्त्रज्ञही गंमत करतात. अणूच्या पोटातल्या कणांना त्यांनी ‘विचित्र’ आणि ‘मोहक’ अशी नावं दिली आहेत.”

“म्हणजे आमच्या वाडीसारख्याच,” आई दारातून म्हणाली. “हय तरी खरा नाव कोणाचा कोणाक ठावक आसा?”

बुधवारी बाई परत आल्या तेव्हा गोळा तयार होता. चार हात दिलेले होते.

“यात माझा चेहरा दिसतो,” बाई म्हणाल्या.

“मगे!” वडील खूश झाले. “आरशासारखो केलंय.”

बाईंनी पर्समधून टॉर्च काढला आणि गोळ्यावर धरला. काळ्यावर एक पांढरा ठिपका चमकला. टॉर्च हलवला की ठिपकाही हलत होता.  वडील त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे ज्या चकाकीसाठी त्यांनी खांदे दुखवून घेतले होते, तीच इथे चूक ठरत होती.

“म्हणजे ह्यो काळो नाय?”

“काळा आहे. पण उजेड परत पाठवतो. नाही जमलं तरी चालेल, मी कागद चिकटवीन.”

कागदाचे नाव काढायला नको होते. त्या दिवशी वडील वेळेवर जेवले नाहीत.

त्यांनी गोळा पॉलिश पेपरने घासला. चकाकी गेली, पण गोळा राखाडी झाला. नंतर रंगात रॉकेल जास्त घालून पाहिले, तर ओघळ आले. गुरुवारी संध्याकाळी आंघोळीचे पाणी तापवायच्या हंड्यापाशी आई त्यांना म्हणाली, “जल्मभर चकचकीत करत इलात. आता मळको करा म्हणतत, तर हात चलना नाय!”

 वडील हंड्याच्या बुडाकडे पाहत होते. रोज लाकडांवर बसणाऱ्या त्या हंड्याला बोटभर काजळी होती. त्यांनी माझा टॉर्च मागून घेतला आणि बुडावर धरला. ठिपका नव्हता.

“गो, हंडो उतर.”

“अवो, पाणी तापताहा!”

“पाणी र्‍हवांदे. बूड होया माका.”

काजळी खरवडून, वस्त्रगाळ करून बशीत घेतली. गोळ्यावर सरसाचा पातळ हात दिला आणि तो ओलसर असतानाच कापसाच्या बोळ्याने काजळी हलकेच दाबून बसवली. घासायचे नव्हते, बोट लावायचे नव्हते, वाकून बघायचे नव्हते. वडिलांना तिसरी गोष्ट सर्वांत जड गेली. दोनदा ते सवयीने वाकले आणि दोनदा नाकाला काजळी लावून उठले. आई इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. त्या दिवशी घरात कोणाचीही आंघोळ झाली नाही.

नावाचा प्रश्न आईने सोडवला. “हंड्याचा बूड लायलात मा? मग हंडोच म्हणा.”

गोळ्यावर अक्षरे घातली तर काळा मोडला असता. म्हणून वडिलांनी खालच्या लाकडी बैठकीवर पांढऱ्या रंगात, होडीवर घालतात तशा वळणाने, ‘हंडो’ लिहिले. खाली बाईंनी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली.

शनिवारी वडील इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले आणि टेबलापासून चार हात लांब उभे राहिले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, आलेल्या परीक्षकांनी चिठ्ठी वाचली, बैठक वाचली, टॉर्च मागितला. आधी समोरून धरला, मग बाजूने, मग अगदी जवळून.

“यात तर काहीच दिसत नाही,” ते म्हणाले.

“मगे!” वडील लांबूनच ओरडले. “काय एक दिसाक नको!”

सारा वर्ग हसला. परीक्षकही हसले, आणि टॉर्च वडिलांच्या हातात देऊन म्हणाले, “आता तुम्हीच दाखवा सगळ्यांना.”

दुपारपर्यंत ते दाखवत होते. मी दोन परिच्छेदांची बातमी पाठवली. जागेअभावी कार्यालयाने त्यातला क्रमांक काढला. हंडो राहिला.