फ्रेशर पाहिजेत, अनुभव असावा

"लादी पुसता येते ना?"

मुलाखतीतला हा शेवटचा प्रश्न. ठाण्यातलं ऑफिस, काचेचं टेबल. पलीकडे सर आणि एक मॅडम. अलीकडे मी. मांडीवर फाईल, फाईलमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा. फाईल कुणी उघडलीच नाही.

आधी सरांनी विचारलं होतं, "एक्सपिरियन्स?"

"नाही सर. जाहिरातीत फ्रेशर लिहिलंय."

"फ्रेशर म्हणजे अगदीच कोरं नव्हे गं. वर्षभर तरी कुठे काम केलेलं असावं. गाव कुठलं?"

"मोखाडा. सूर्यमाळच्या बाजूला आमचा पाडा आहे."

"आदिवासी?"

"हो. कातकरी."

"अरे वा! पावसाळ्यात आम्ही येतो ना जव्हारला. दाभोशाचा धबधबा, शिरपामाळ. काय सुंदर मुलूख आहे!" मग मॅडमकडे वळून म्हणाले, "साधी माणसं असतात ही. चोरीमारी नाही." आणि मग तो प्रश्न.

रागाने नाही विचारलं. हसले पण नाहीत. मायेने विचारलं. मी म्हटलं, "येते."

का म्हटलं? सांगते.

कोर्स संपला तसं मुलींचं वसतिगृह सोडावं लागलं. कळव्याला एका म्हाताऱ्या बाईच्या खोलीत कोपरा मिळाला. बाई हिंदी बोलायची, तेही मोजकं. सकाळी पेपरातल्या जाहिराती बघायच्या आणि निघायचं. मुलुंड, ठाणे, वागळे इस्टेट. सगळीकडे तेच. अनुभव नाही? मग या तुम्ही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या काकांनी आपल्या दुकानातला वर्षाचा अनुभव लिहून दिला. त्या दुकानात ती कधी बसली नव्हती. महिन्यात चिकटली. माझे काकाही अनुभवी होते. वीटभट्टीवरचे. आय, बा, काका, सगळे भिवंडीकडच्या भट्टीवर. आमच्यात जमीन कुणाकडेच नव्हती. कधीच नव्हती.

संध्याकाळी परत आलं की बोलायला कुणी नसायचं. माझी बोली बोलणारं त्या अख्ख्या शहरात कुणी असेलही. मला भेटलं नाही. भांडी घासताना मी ओठातल्या ओठात एकटीच बोलायचे. पाड्यावरच्यासारखं. म्हातारी बघायची आणि तोंड फिरवायची. तिला वाटत असेल, पोरीचं डोकं फिरलंय.

म्हणून म्हटलं, येते. ऑफिसात निदान कॉम्प्युटर तरी होते. सर म्हणाले, "राहा थोडे दिवस. बघता बघता शिकशील. मग बघू." मी धरून बसले ते 'मग बघू'.

लादी पुसली. चहा दिला. कप धुतले. कॉम्प्युटरवर बसणारी मुलं माझ्याच वयाची, पण पहिल्या दिवसापासून हाक एकच. "मावशी, पाणी." "मावशी, फडकं मार इथे." मी बाविशीची होते. नाव कुणी विचारलं नाही. कीबोर्ड पुसायला दिले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुस फक्त. दाबू नकोस काही." ज्याच्यावर मी परीक्षा दिली होती, तोच कीबोर्ड. डबा मी पॅसेजमध्ये खायचे, पाण्याच्या फिल्टरपाशी. आत बसू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

शिमग्याला घरी गेले. आय भट्टीवरून सणापुरती आली होती. पाड्याखालची विहीर तळाला गेलेली. वाटीवाटीने पाणी भरत आम्ही दोघी बसलो.

आयने विचारलं, "कम्पुटरचां काम भेटलां ना गो?"

"ऑफिसात आहे," मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला. फिनाईलने बोटांची सालं गेली होती. आयचा जन्म मातीत, राखेत गेलेला. हाताचं तिला काय सांगायचं? हात सोडला आणि हंडा उचलला.

ठाण्याला परतले. काही दिवसांनी पुन्हा जाहिरात आली. फ्रेशर पाहिजेत. बाकावर मुलं-मुली बसली. मी ट्रे घेऊन आत गेले. टेबलासमोर एक मुलगी. इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात घट्ट.

सरांनी विचारलं, "एक्सपिरियन्स?"

"नाही सर."

सर हसले. माझ्याकडे बोट केलं. "ही बघ. हीसुद्धा इंटरव्ह्यूलाच आली होती. अनुभव नव्हता. आता आमची मावशी आहे. मस्त चाललंय. काय गं?"

आणि थांबले. मी हसावं म्हणून.

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. दया असती तर मी सोसली असती. दया नव्हती. भीती होती. माझी भीती. आपलं असं होईल, ही भीती. एका माणसाला दुसऱ्या माणसासमोर भीती घालायला उभं केलं होतं, आणि ते माणूस मी होते.

मी ट्रे टेबलावर ठेवला. शेजारची खुर्ची ओढली. बसले.

"सर, मीपण इंटरव्ह्यूला आलेय."

"चहा ठेव आणि जा."

"नाही. तिला विचाराल ते मला विचारा."

"तुला काय विचारायचं?"

"आधी नाव विचारा."

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान खाली घातली. इतके महिने माझ्या हातचा चहा प्यायले, आणि त्यांना माझं नाव येत नव्हतं.

"बाहेर हो," सर म्हणाले. आता आवाजात माया नव्हती. बरं वाटलं. खरा आवाज एकदाचा ऐकला.

मी उठले. "जाते. नाव आता मी सांगणार नाही."

बाहेर तलावपाळीच्या कठड्यावर जाऊन बसले. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. माणसं चालली होती, पोरं होडीत बसत होती, आणि झालेलं सांगायला मला एक माणूस नव्हतं. रडले. तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी पेपर घेतला.

पुढचं ऑफिस मुलुंडचं. तिथल्या साहेबांनी फाईल उघडली, मिटली. "अनुभव नाही तुम्हाला."

मी विचारलं, "पहिला अनुभव कोण देणार, साहेब?"

"म्हणजे?"

"सगळे दुसरा मागतात. पहिला कोणी द्यायचा?"

त्यांनी बेल वाजवली. पुढच्याला आत बोलावलं. मी उठले नाही. पुढचा मुलगा दारात उभाच राहिला. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि मला दाराकडे बोट दाखवलं. ती नोकरीही गेली.

नोकरी मिळाली, पण फार उशिरा. तोवर प्रत्येक टेबलापाशी मी हेच विचारलं. कुणी हसलं, कुणी हाकललं, एकाने शिपायाला बोलावलं. मला नोकरी लागली म्हणून प्रश्न मिटलेला नाही. मोखाड्याच्या, जव्हारच्या पाड्यांवरून पोरी अजून फाईल घेऊन जीपमध्ये बसतायत. त्यांना मी धीर देत नाही. खोटं सांगत नाही. एवढंच सांगते, विचार. हाकललं तरी विचार. मीही विचारणार आहे, ज्याच्या त्याच्या तोंडावर. उत्तर मिळाल्याशिवाय गप्प बसणार नाही.