तिसऱ्याच्या आधी चौथं

आमच्या मामांना सगळं गाव रीळमामा म्हणतं. मामीसुद्धा चिडली की म्हणते, "विचारा तुमच्या रीळमामांना." गावातल्या एकुलत्या एका थिएटरात त्यांनी उभा जन्म प्रोजेक्टर चालवला. थिएटर बंद पडून तिथं फर्निचरचं दुकान आलं, तरी नाव काही सुटलं नाही. माणूस साधा, कमी बोलणारा. पण एक खोड अशी की मामीचा जीव मेटाकुटीला येतो. घरातल्या प्रत्येक डब्यावर ते पांढऱ्या रंगानं आत काय आहे ते लिहितात, आणि तरीही वापरण्याआधी आत खरंच तेच आहे का ते तपासतात. साखरेच्या डब्यातली चिमूट रोज जिभेवर ठेवून बघायची. साखरच असते. दुसरं काय असणार, कपाळ? पण बघायचंच.

ह्या खोडीचं मूळ एका विनोदी सिनेमात आहे.

तो सिनेमा आला तेव्हा मामा तरुण होते. गोष्ट अशी, की एक भुरटा चोर पोलिसांपासून पळता पळता हॉस्पिटलात शिरतो, मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीत लपतो, तिथं सापडलेला डॉक्टरचा कोट घालतो आणि सगळे त्याला नवा डॉक्टर समजतात. बाकी सगळीकडे हा सिनेमा सपशेल आपटला होता. आमच्याकडे रिळांचे डबे आले तेही ऐनवेळी. आता प्रोजेक्टरवाल्याचं काम असं, की रीळ चढवण्याआधी फिल्मच्या टोकावरचा आकडा उजेडात धरून वाचायचा, डब्यावर विसंबायचं नाही. त्या दिवशी मामा जेवत होते. दुसरं रीळ संपत आलं तसा त्यांनी घाईघाईनं हात पुसला, 'तीन' लिहिलेला डबा उघडला आणि आतलं रीळ चढवलं. आधीच्या थिएटरात कुणीतरी डब्यांची अदलाबदल करून ठेवली होती. आत चौथं होतं.

म्हणजे झालं काय, की आत्ता भिंतीवरून उडी मारणारा चोर पुढच्या क्षणी पांढरा कोट घालून, ज्या पोलिसापासून पळाला त्याचीच नाडी बघत बसलाय! का, कसं, कुणाला पत्ता नाही. थिएटर आधी गप्प झालं आणि मग जे हसत सुटलं म्हणता! चौथ्यानंतर तिसरं लागलं, कोट कुठून आला ते कळलं, तेव्हा "हात्तिच्या!" करून लोक पुन्हा हसले. मामा केबिनमध्ये घामाघूम. मालक धापा टाकत वर आला. गेली नोकरी, असं मामांना वाटलं. मालक म्हणाला, "खबरदार बदललंस तर! रोज असाच लावायचा."

सिनेमा आमच्याकडे तुफान चालला. त्यात तो चोर पोलिसाला म्हणतो, "जीभ बाहेर काढा. पाकीट राहू द्या, ते मी काढतो." हे वाक्य आमच्याकडे अजून शेंबड्या पोरालाही येतं. पुढं तो सिनेमा टीव्हीवर बरोबर क्रमानं लागला, तर टीव्हीवाल्यांनी त्याची पार वाट लावली यावर गावाचं एकमत झालं.

पण मधे एक वाईट गोष्ट घडली. सिनेमा कुठंतरी चालतोय म्हटल्यावर दिग्दर्शक स्वतः बघायला आला. बिचारा केवढ्या हौसेनं आला असेल! अर्ध्यातून उठून तो केबिनमध्ये घुसला आणि मामांच्या अंगावर ओरडला, "गाढवा, खून केलास तू माझ्या सिनेमाचा!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मामा सांगतात. तो जिना उतरून गेला, आणि चालू मशीन सोडून मामांना मागं धावताही येईना. माफी मागायची राहिली ती राहिलीच. डबे चाखणं तेव्हापासूनचं.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्या पडेल सिनेमाला जिकडेतिकडे वेडे चाहते मिळाले, आणि यंदा तर त्याचं गाण्याबजावण्याचं मोठं नाटक आलं. मी तिकिटं काढली. मामा म्हणाले, "मी नाही येणार. तुम्ही दोघी जा." मग मी सांगितलं की नाटक दिग्दर्शकाच्या मुलीनंच बसवलंय आणि त्या दिवशी तो म्हाताराही येणार आहे. मामा म्हणाले, "मग येतो. त्या माणसाची माफी मागायचीय."

गाडीत सगळा रस्ता ते पुटपुटत होते. "साहेब, मी तो प्रोजेक्टरवाला. चूक माझी होती."

"अहो, पाठांतर पुरे आता," मामी म्हणाली. पण त्यांचा हात तिनं हातात धरून ठेवला होता.

दुपारचा खेळ होता. नाट्यगृह खचाखच. रंगमंचाखाली वादक बसलेले. पडदा वर गेला, चोर गात गात भिंतीवर चढला आणि त्यानं पलीकडे उडी मारली. मामा माझ्या कानाशी लागले, "आता बघ, कपड्यांची गाडी येईल. तिसरं रीळ."

अंधार झाला. उजेड आला तेव्हा चोर पांढरा कोट घालून पोलिसाची नाडी बघत होता. "जीभ बाहेर काढा" हे त्यानं असं काही तान घेऊन म्हटलं की सगळं नाट्यगृह हशानं दणाणलं.

मामा मात्र गर्रकन मागं वळले आणि वर मागच्या भिंतीकडे बघायला लागले, जणू तिथं केबिनमध्ये कुणाच्या तरी हातून घोटाळा झालाय. "अगं, चौथं लावलं यांनी!" ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बाईनं शुक् केलं. मग कपड्यांच्या गाडीचा प्रवेश आला, लोक परत हसले, आणि मी बघते तर मामा हसत होते. डोळे पुसत, मांडीवर थाप मारत. तो सिनेमा त्यांनी आयुष्यात इतक्यांदा दाखवला, पण त्यावर हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

खेळ संपल्यावर आम्ही बाहेर दालनात गेलो. म्हातारा चाकाच्या खुर्चीत बसला होता, मुलगी मागं उभी. मी तिला विचारलं, हा क्रम कसा सुचला? ती म्हणाली, "लहानपणी बाबा मला गोष्ट अशीच सांगायचे."

मामा पुढं झाले. "साहेब, मी प्रोजेक्टरवाला..."

"प्रोजेक्टरवाले!" म्हातारा उसळलाच. "तुम्ही लोकांनीच माझा सिनेमा पाडला! मी मुद्दाम चौथं आधी ठेवलं होतं, आणि तुम्ही शहाण्यांनी ते सरळ करून लावलंत! एका गावात तेवढा एक पठ्ठ्या निघाला. बरोबर लावायचा. मी स्वतः केबिनमध्ये जाऊन त्याची पाठ थोपटली होती."

माझं डोकंच सणकलं. धडधडीत खोटं! मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला.

"हो साहेब," ते म्हणाले. "थोपटली होती. मी होतो तिथं."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम निवळला. "होतात? मग सांगा हिला, काय हसले होते लोक!"

"छप्पर उडायचं बाकी होतं," मामा म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

गाडीत मी भडकले. "मामा, सांगितलं का नाही? तुमचं श्रेय त्यानं ढापलं की हो!"

"अगं, श्रेय कसलं?" मामा शांतपणे म्हणाले. "चूक होती ती माझी. एवढी वर्षं डोक्यावर घेऊन फिरलो. आता त्यानं आपली म्हणून घेतली, तर मी परत कशाला मागू?"

मामी खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर मामा म्हणाले, चहा मी करतो. आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला, चमचा भरून सरळ भांड्यात घातला, दुसराही घातला आणि झाकण लावून टाकलं. चाखलं नाही, वाकून बघितलंही नाही. मामी माझ्याकडे बघतच राहिली.

मामा कप आणायला वळले, तेव्हा तिनं हळूच डबा उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. साखरच होती.